शाळेतील खेळाचा न विसरलेला क्षण : पंचांनी न पाहिलेली रिबीन

पैनगंगाकाठ :

मंडळी, तीस वर्षांहून जुनी एक गोष्ट सांगते आणि त्यावर आपले मत विचारते. १९९४ साली मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात नववीत शिकत होते. आमच्या शाळेत मुलींचा खो-खोचा संघ होता, परंतु मैदान म्हणावे असे काही नव्हते. शाळेमागच्या काळ्या जमिनीवर मुरूम पसरून घेतला होता आणि तो मुरूम आम्हीच घमेल्यांनी वाहिला होता. पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या. निळ्या स्कर्टखाली भावांच्या हाफ पँट घालून आम्ही बारा जणी बाजाराला निघालेल्या टेम्पोत उभ्या राहून तालुक्याला गेलो आणि कुणाच्याही, अगदी आमच्या सरांच्याही, ध्यानीमनी नसताना अंतिम सामन्यात पोहोचलो.

शेवटच्या डावात समोरचा संघ आक्रमणाला होता आणि आमच्याकडे एका गुणाची आघाडी होती. आमच्या शेवटच्या तुकडीतील दोघी बाद झाल्या होत्या, मी एकटी उरले होते आणि सरांच्या हातातील घड्याळाप्रमाणे अर्धा मिनिट शिल्लक होता. मी बाद झाले तर बरोबरी होऊन अलाहिदा डाव खेळावा लागणार होता आणि आमच्यात तेवढा दम उरलेला नव्हता. खांबाला वळसा घालून मी दुसऱ्या बाजूला निघाले तेव्हा पाठीमागून एका मुलीने सूर मारला. माझ्या उजव्या वेणीला हिसका बसला. वळून पाहिले तर ती मुलगी मातीत पालथी पडलेली होती आणि तिच्या मुठीत माझी लाल रिबीन होती.

तिने ती रिबीन उंच धरून पंचांना दाखवली. पंचांनी पाहिलेच नव्हते. ते म्हणाले, "खाली पडली असन, उचलली असन तुनं." उठून पुढच्या मुलीला खो देण्याऐवजी ती तशीच हात वर करून राहिली आणि रिबीन दाखवण्यात तिचे जे सेकंद गेले, तेवढेच आम्हाला पुरले. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो आणि जिल्ह्याला गेलो.

मी काही बोलले नाही. एक वेणी सुटलेली असताना मैत्रिणींच्या खांद्यावर बसून मिरवले. मी त्या वेळी हात वर करायला हवा होता का, हा माझा प्रश्न आहे. त्याचबरोबर, जिंकण्याहरण्यापेक्षा वेगळ्याच कारणाने लक्षात राहिलेला शाळेतील खेळाचा एखादा प्रसंग आपल्याकडे असेल तर तोही लिहावा.

तर्रीपोहे :

वेणी हा शरीराचा भाग आहे, परंतु रिबीन हा गणवेशाचा भाग आहे. त्यामुळे बाद झालीच असेल तर शाळा बाद झाली, आपण नाही.

जुनापंच :

मी वर्धा जिल्ह्यात अनेक वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि तालुका व जिल्हा पातळीवर कबड्डी आणि खो-खो या दोन्ही खेळांत पंचगिरी केली आहे, म्हणून पंचाची बाजू मांडणे मला भाग आहे.

खो-खोत दोन पंच असतात. मधल्या पाटीमुळे मैदानाचे जे दोन भाग होतात, त्यांपैकी एकेक भाग एकेकाकडे असतो. धावणारी मुलगी खांबाला वळसा घालते तेव्हा ती एका पंचाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जात असते आणि नेमका तोच क्षण फसवा असतो. त्याच क्षणी पंचाला आक्रमकाचे पाऊल पाहायचे असते, त्याने दिशा बदलली का ते पाहायचे असते, चौकटीतील मुलगी खो मिळण्याआधी उठली का हेही पाहायचे असते आणि या सगळ्यात हाताचा स्पर्शही टिपायचा असतो. सूर मारल्यावर धुळीचा जो लोट उठतो त्याविषयी तर बोलायलाच नको. तालुक्याला पंच म्हणजे तरी कोण, तर स्पर्धेत उतरलेल्या शाळांचेच आम्ही मास्तर. सकाळपासून आठ सामने उभ्याने काढलेले आणि डोक्यावर रुमाल बांधलेला.

कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या कपड्याचा स्पर्शही स्पर्शच धरला जातो. त्याच न्यायाने मी आपली वेणी पाहिली असती तर आपल्याला बाद दिले असते. पण मी पाहिले असते तर, हे महत्त्वाचे आहे. खेळाडूचे काम धावणे आहे, पंचाचे काम पाहणे आहे. नववीतल्या मुलीने पंचाचे काम अंगावर घ्यावे अशी अपेक्षा मी करणार नाही. तथापि "उचलली असन" हे त्या पंचाने म्हणायला नको होते. जे दिसले नाही त्याविषयी "मी पाहिले नाही" एवढेच म्हणावे. न पाहिलेल्या गोष्टीचा खुलासा पंचाने करू नये.

काळीमाती :

जुनापंच सरांशी मी आदरपूर्वक असहमत आहे आणि त्याला कारण आहे.

आमचे गाव अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या काठापासून जवळ आहे. दहावीत असताना तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत मी डावा कोपरा सांभाळत होतो. उपांत्य सामना होता, आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि शेवटच्या दोन-तीन चढाया उरल्या होत्या. समोरचा चढाईपटू माझ्या बाजूला झेपावला तेव्हा मागे सरकताना माझी टाच राखीव क्षेत्रात पडली. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की, मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक मीटर रुंदीची ही पट्टी असते आणि झटापट सुरू होईपर्यंत तिच्यात पाऊल टाकणारा बाद होतो. त्याने मला स्पर्श केलेला नव्हता. पंचांचे लक्ष त्याच्या हाताकडे होते आणि फक्कीची रेषा तर सकाळच्या दुसऱ्या सामन्यातच पुसली गेली होती. मी हात वर केला आणि बाहेर जाऊन बसलो.

बरोबरी झाली. पुढच्या चढाईत त्यांनी बोनस रेषेचा एक गुण घेतला आणि आम्ही हरलो.

आता ऐका. पंचांनी माझी पाठ थोपटली नाही, कारण त्यांना मी का बाहेर गेलो हेच आधी कळले नाही. आमच्या सरांनी मैदानातच विचारले, "तुले कोन इचारलं होतं?" परतीच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सहा जण एका बाजूला बसले होते आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. आमचा कर्णधार, जो माझा सख्खा चुलतभाऊ होता, तो दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी आज पन्नाशीत आहे आणि पुन्हा तो प्रसंग आला तर मी हात वर करीनच अशी खात्री देऊ शकत नाही. परंतु ज्यांनी तो केला नाही त्यांना "तुमचे कामच नव्हते" असे सांगितले की, ट्रॉलीतली ती दोन तासांची वाट मी उगाच काढली असे वाटू लागते.

बोंडअळी :

काळीमाती, आपल्याकडे पुसायला फक्कीची रेषा तरी होती. आमच्याकडे मैदानाची सीमा म्हणजे एका बाजूला पऱ्हाटीचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला सरपंचांची म्हैस होती. म्हैस उठून गेली की मैदान वाढत असे.

थोडे गंभीरपणे सांगायचे तर, आपल्या काळ्या जमिनीवर अनवाणी खेळणे हाच एक स्वतंत्र खेळ होता. पावसाळ्यात पायाला चिखलाचे जोडे चढत आणि उन्हाळ्यात जमिनीला अशा भेगा पडत की पाऊल मुरगळायला एक भेग पुरे. या दोन्हींच्या मधल्या दिवसांत सराटे असत. सराव सुरू होण्यापूर्वी अख्ख्या संघाने एका ओळीत बसून मैदानातील सराटे वेचायचे, ही आमच्या शाळेतील पहिली कवायत होती. मला खेळातला एकही गुण आठवत नाही, परंतु टाचेत मोडलेला सराटा बाभळीच्या काट्याने काढणारी आमची आजी मात्र नीट आठवते.

झाडीपट्टी :

आमच्या भंडारा जिल्ह्यात कापूस नाही, धान आहे. शालेय स्पर्धा ऐन रोवणीत आल्या की संघ जमवणे हीच खरी स्पर्धा असते. एका वर्षी कबड्डीला सात मुले हवी होती आणि सहाच हजर होती. सातवा बांधीत गुडघाभर चिखलात रोवणी करत होता आणि त्याचा बाप त्याला सोडायला तयार नव्हता. शेवटी सरांनी नववीतल्या एका ढिवराच्या मुलाला उभे केले. त्याने आयुष्यात कबड्डी खेळलेली नव्हती. तो रोज सकाळी मामा (माजी मालगुजारी) तलावात बापासोबत जाळे टाकून मग शाळेत येत असे.

सामन्याच्या शेवटी आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि आमचे दोन्ही चांगले चढाईपटू बाद होऊन बाहेर बसले होते. चढाई करणाऱ्याला समोरच्या अंगणातील निदान रेषा एकदा तरी ओलांडावी लागते. सरांनी त्या मुलाला सांगितले की, "निदान रेषा एकदा ओलांड, कोणालेच हात लावू नको, अना दम तेवढा सोडू नको." तो गेला, निदान रेषा ओलांडली, मागे येऊन मध्यरेषेपासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि "कबड्डी कबड्डी" म्हणू लागला. तलावात बुडी मारून जाळ्याची गाठ सोडवणाऱ्या त्या पोराचा दम संपेचना. समोरचे सात जण आधी सावध होते, मग चकित झाले, मग हसू लागले. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा असते आणि ती घड्याळावर मोजली जाते. आमच्या त्या सामन्यात पंच घड्याळाकडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले होते. शिट्टी झाली तेव्हाही तो म्हणतच होता. त्याला थांबवायला सरांना आत जावे लागले.

मूळ प्रश्नाबद्दल मला एवढेच विचारावेसे वाटते की, पंचांचे घड्याळाकडे लक्ष नव्हते हे आमच्या सरांना दिसत होते आणि ते गप्प राहिले. मग दोष चौदा वर्षांच्या मुलीच्या गप्प राहण्याला का द्यायचा?

संत्राबाग :

वरुडकडे आमच्या शाळेत खेळ म्हणजे केवळ क्रिकेट होते. खापरखेड्याकडचा कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून कसोटी खेळला आणि विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा आम्ही संत्र्याच्या बागेत फटाके फोडले होते. क्रिकेटमध्ये चेंडूला बॅटची कड लागली असेल तर स्वतःहून परत जाणाऱ्या फलंदाजाचे आजही नाव निघते. शाळेच्या सामन्यात मी एकदा तसा परतलो होतो. पण खरे कारण असे की, समोरचा गोलंदाज फार वेगवान होता आणि मला पुढचा चेंडू खेळायचा नव्हता.

जुनापंच :

संत्राबाग यांनी गमतीने लिहिले असले तरी त्यातला मुद्दा विचार करण्यासारखा आहे. क्रिकेटमध्ये परतणाऱ्याच्या मागे त्याचा संघ शिल्लक असतो, शिवाय पाहायला वर्तमानपत्रे असतात. काळीमाती यांच्या मागे ट्रॉली होती. माझ्या आधीच्या प्रतिसादाने त्यांना वाईट वाटले असेल तर मी दिलगीर आहे. पंच म्हणून मी नियम सांगितला. त्यांनी जे केले ते नियमापलीकडचे होते आणि त्या दिवशी मी पंच असतो तर मलाही कदाचित ते कळले नसते.

हुतूतूवाला :

एक वेगळी खंत नोंदवतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. याच मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. म्हणजे वऱ्हाडातील हुतूतू बर्लिनला पोहोचून अनेक दशके उलटली होती, तरी त्याच अमरावती विभागातील आमच्या शाळेच्या संघाला तालुक्याला जायला पंचायतीचा ट्रॅक्टर रिकामा असेल तरच जाता येत असे. आमचा संस्मरणीय क्षण हाच की, ट्रॅक्टर डिझेल संपून वाटेत बंद पडला, आम्ही पाच किलोमीटर पळत गेलो, वेळेवर पोहोचलो आणि दमल्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच सगळे बाद होऊन आमच्यावर लोण चढला.

निळीबस :

मी या धाग्यावर बहुधा सर्वांत तरुण आहे. मी वाशिम जिल्ह्यातील असून साधारण दहा वर्षांपूर्वी शाळेकडून खो-खो खेळत असे. आम्ही मुली मानव विकास कार्यक्रमाच्या, शाळकरी मुलींसाठी असलेल्या निळ्या बसने ये-जा करत असू. तालुक्याच्या उपांत्य सामन्याच्या दिवशी सामना उशिरा सुरू झाला आणि बस मैदानासमोरच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली तेव्हा आमचा शेवटचा डाव बाकी होता. ती बस गेली असती तर आठ खेड्यांतल्या आठ घरांत रात्री काय झाले असते, हे येथील भगिनींना सांगण्याची गरज नाही. आमच्या कर्णधाराने सामना सोडायचे ठरवले होते. तेवढ्यात चालककाका खाली उतरले आणि म्हणाले, "खेळा व पोरीहो, म्या हाय." बसमधल्या शाळेच्या इतर मुली खिडक्यांतून गुण मोजत होत्या. आम्ही तो सामना हरलो. बस घरी उशिरा पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी त्या काकांना आमच्यापैकी दोघींच्या वडिलांनी थांब्यावर उभे करून जाब विचारला. मला माझा खेळ आठवत नाही, त्या दोघींनी खाली घातलेल्या माना आठवतात.

म्हणून मला काळीमाती काका यांना एक गोष्ट नम्रपणे सुचवायची आहे. आपण हात वर केला तेव्हा सात मुलांचा एक सामना गेला. पैनगंगाकाठ ताईंनी हात वर केला असता तर बारा मुलींची जिल्ह्याची वारी गेली असती. १९९४ मध्ये खेड्यातल्या मुलीला घराबाहेर एक रात्र मुक्काम करायला मिळणे ही काय चीज होती, हे माझ्या आईकडून मी ऐकले आहे. ज्या मुलीच्या हातात रिबीन होती, तिच्याही बारा जणी होत्या, हेही मला दिसते. त्यामुळे मला उत्तर सापडत नाही. २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत झाला आणि आपल्या मुलींनी तो जिंकला, तेव्हा मी दूरचित्रवाणीसमोर बसून प्रत्येक खांबाजवळच्या सुरात वेण्या पाहत होते. आता सगळ्या जणी केस घट्ट बांधून खेळतात.

तर्रीपोहे :

एवढी चर्चा झाली, पण त्या रिबिनीचे पुढे काय झाले हे कुणीच विचारले नाही.

सोळावीफेरी :

मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका आश्रमशाळेचा विद्यार्थी होतो. माझे सदस्यनाम का असे आहे, ते या धाग्यामुळे प्रथमच सांगतो आहे.

जिल्ह्याच्या स्पर्धेत ३००० मीटर धावण्याची शर्यत होती. धावपट्टी २०० मीटरची आखलेली होती, म्हणजे पंधरा फेऱ्या. फेऱ्या मोजणारे गुरुजी मधेच चहा घेऊन आलेल्या कुणाशी तरी बोलू लागले. मी प्रत्येक फेरीला एक बोट मोडत होतो. दोन्ही हातांची बोटे संपल्यावर पुन्हा डाव्या हाताची पाच मोडली आणि पंधरावी फेरी संपताना मी सर्वांच्या पुढे होतो. शिट्टी वाजली नाही. गुरुजी हाताने "चला, चला" करत होते. मी थांबलो असतो तर शर्यत सोडली असे धरले गेले असते, म्हणून पळत राहिलो. सोळाव्या फेरीत मागच्या मुलाने मला गाठले आणि तो पहिला आला.

मला मराठी नीट बोलता येत नव्हते. घरी आम्ही गोंडी बोलत असू. पंधरा हा आकडा माहीत होता, पण "गुरुजी, आपण एक फेरी जास्त मोजली" हे वाक्य त्या वेळी मला जुळवता आले नाही. दुसऱ्या क्रमांकाचे प्रमाणपत्र अजून आहे. २०१८ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील आश्रमशाळांची पाच मुले एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचली, तेव्हा माझ्या धाकट्या मुलाने विचारले की, "बाबा, तुम्ही काय जिंकले होते?" मी त्याला बोटे मोडून दाखवली.

पैनगंगाकाठ ताई, आपला विचार करताना मला रिबीन धरलेली मुलगी जास्त जवळची वाटली, हे प्रामाणिकपणे सांगतो. तिच्या हातात पुरावा होता. माझ्या हातात बोटे होती.

काळीमाती :

सोळावीफेरी, आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझी ट्रॉली आता मी बाजूला ठेवतो.

पैनगंगाकाठ :

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. तर्रीपोहे यांनी विचारलेले मी मूळ लेखनात मुद्दाम लिहिले नव्हते, ते आता लिहिते.

बक्षीस समारंभ होईपर्यंत ऊन उतरले होते. आम्हाला स्टीलचे पेले मिळाले. परत जायच्या टेम्पोजवळ मी चप्पल शोधत होते, तेव्हा ती मुलगी समोर येऊन उभी राहिली. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलवटलेली होती आणि मुरमाचे बारीक खडे तसेच रुतलेले होते. मला वाटले ती भांडायला आली आहे. माझ्या दोन मैत्रिणीही तशाच तयारीने पुढे झाल्या. तिने रिबिनीची घडी करून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "घे तुई रिबीन. सोमवारी बाईले काय सांगशीन?"

आमच्या शाळेत दोन वेण्या आणि दोन लाल रिबिनी नसतील तर बाई प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढत असत. बहुधा तिच्याही शाळेत तसेच होते. मी "हो" एवढेच म्हणाले. तेव्हा तरी मी तिला खरे सांगू शकले असते. तेथे पंच नव्हते, गुण नव्हते आणि जिल्ह्याची वारीही त्यामुळे हुकणार नव्हती.

निळीबस, आपण म्हणता त्या वारीचे सांगायचे तर, जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात आम्ही एक डाव राखून हरलो. रात्री एका शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर झोपलो आणि कुणीही झोपले नाही. माझ्या बरोबरीच्या दोघींची त्यानंतरच्या उन्हाळ्यात लग्ने झाली. त्या भेटल्या की अजूनही त्या रात्रीचेच बोलतात. रिबिनीचे त्यांना आठवतही नाही.

काळीमाती :

तिचे नाव विचारले होते का?

पैनगंगाकाठ :

नाही. तिच्या पाठीवर टाचण्यांनी लावलेल्या कापडावर ५ हा आकडा होता आणि सूर मारताना त्याची एक टाचणी निघून कोपरा लोंबत होता, तेवढे पाहिले. सोमवारी मी तीच रिबीन बांधून शाळेत गेले. आईने धुतली होती, परंतु मुरमाचा पिवळट डाग तिच्यावर राहिला होता.